तात्यांचं नाव शोधणारी माणसं

निजामपुरा, बडोदे
७ मार्च २०१०

प्रिय वसुंधराताई,

तात्या गेल्यापासून मी छाणीला तुमच्या घरी फिरकलो नाही. कामात आहे असं दोनदा फोनवर सांगितलं, ते खरं नव्हतं. रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता, पण तुझ्यासमोर बसून बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच एवढंच मागणं.

आमच्या वडिलांची बदली भुसावळहून बडोद्याच्या रेल्वेत झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पोलिओनं डावा पाय आखूड राहिलेला. कुणीतरी सांगितलं म्हणून आई मला तुमच्या बुटांच्या कारखान्यात घेऊन आली. तात्यांनी खाकी कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली, मग बसवून मोजलं, उभं करून मोजलं, अंगणात चालवून पाहिलं. बूट तयार झाल्यावरही टाच टोचते म्हणून चारदा परत घेतला. तू तेव्हा कॉलेजात होतीस, मला चालायला लावण्यासाठी पुढे पुढे चिक्की धरायचीस. त्या वर्षी शाळेच्या रांगेत माझे दोन्ही खांदे पहिल्यांदा सारखे आले.

म्हणून तर २००७ साली तुमची वेबसाइट करताना मला वाटलं होतं, थोडी तरी परतफेड होईल. आधी तिच्यावर नुसता पत्ता आणि तात्यांचा फेट्यातला फोटो होता. मग लक्षात आलं, अडलेली माणसं गूगलवर जड शब्द टाकत नाहीत. 'एक पाय आखूड, बूट कुठे मिळेल' असंच विचारतात. आपण तेच शब्द पानावर घातले. घरी माप कसं घ्यायचं ते तात्यांनी सांगितलं, तू लिहिलंस, मी टाइप केलं. सहा महिन्यांत आपलं पान सगळ्यांत वर आलं. दाहोद, नंदुरबारहून फोन येऊ लागले. तात्या रोज संध्याकाळी मला विचारायचे, आज आपल्या पानावर कोण कोण येऊन गेलं. जणू माणसं ओटीवर येऊन बसून गेली होती.

पुढच्या वर्षी मला अलकापुरीतल्या इंटरनेट-जाहिरातींच्या ऑफिसात नोकरी लागली, तेवढं तुला ठाऊक आहे. तिथे आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं, वाघोडिया रोडवरचं तयार बुटांचं शोरूम. त्यांच्याकडे माणसं वळेनात. साहेबांनी उपाय विचारला आणि मी पटकन सांगून टाकला. कुणी तात्यांचं नाव टाइप केलं की सगळ्यांत वर या शोरूमची जाहिरात दिसेल, असं करता येतं. कायद्यात बसतं का, एवढंच साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो. कोणत्या शब्दांनी माणसं तुमच्याकडे येतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मीच ते सगळे शब्द भरले. दोन महिन्यांत माझी बढती झाली. तुला पेढे आणून दिले होते ते त्याचेच.

गेल्या ऑक्टोबरात मी त्या शोरूममध्ये गेलो होतो. दाहोदकडची एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. हातातल्या कागदावर तात्यांचं नाव लिहिलेलं. तिनं विचारलं, "श्रीपतरावकाका क्यां छे?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आ ज छे बेन, बेसो." म्हणजे हेच ते दुकान, बसा. मुलीच्या पायात खोक्यातला बूट चढवला, तळाला एक थर चिकटवला आणि झालं. ती दारातून बाहेर पडताना घोट्यापाशी बूट घासत होता, मला लांबूनही कळलं. मी उठून त्या बाईला छाणीचा पत्ता सांगू शकलो असतो. मी चहा पीत बसून राहिलो.

त्यानंतर आठवड्याभरात तू दिवाळीच्या फराळाला बोलावलंस. कारखाना शांत होता, तात्यांच्या जुन्या कारागिराला, रमणभाईंना, तू कामावरून कमी केलं होतंस. तू आत गेल्यावर तात्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "अनिश, लोकांना आता माप देण्याइतकाही वेळ नाही का रे? की माझाच हात बिघडलाय?" मी म्हणालो, "जमाना बदललाय, तात्या." ते मान हलवत राहिले. डिसेंबरात ते गेले, ते हेच खरं मानून.

परवा तुझा फोन आला. बुधवारी यंत्रं न्यायला माणूस येणार आहे, कुणी येत नाही तर ती वेबसाइटही बंद करून टाक, असं म्हणालीस. मी नुसतं बरं म्हटलं. ताई, माणसं येत होती. काल मी ऑफिसात बसून मोजलं. वर्षभरात सहाशे बारा वेळा कुणीतरी तात्यांचं नाव शोधत आलं आणि माझ्या जाहिरातीनं त्याला दुसरीकडे नेलं. तात्यांचा हात बिघडला नव्हता. काल ती जाहिरात मी काढून टाकली आणि साहेबांना कारणही सांगितलं; माझ्या नोकरीचं ते उद्या ठरवतील. वेबसाइट मी बंद केलेली नाही, करणारही नाही. यंत्रं विकायची की नाही ते तू ठरव, पण लोकांना आपण नको झालो असं समजून विकू नकोस. तात्यांना हे सांगायला मला दोन महिने होते आणि मी सांगितलं नाही. निदान तुला बुधवारच्या आत कळावं, म्हणून हे पत्र मी आजच रमणभाईंच्या हाती पाठवतोय.

तुझाच, तू अजून म्हणू देशील तर,
अनिश