दारातल्या चपला

मंगळवार, पेण

परवा रोह्याला माझ्या मैत्रिणीच्या, नेत्राच्या दारात अनोळखी चपला दिसल्या, आतून पोह्यांचा वास आला आणि तिथंच माझं डोकं फिरलं. तिला बघायला आलेत असं धरून मी ओट्यावरूनच ओरडलो, "काय, पसंत पडली काय पोरगी?"

आत तिचे बाबा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उठून बसले होते. आलेले त्यांचे कंपनीतले मित्र. नेत्रा एवढंच म्हणाली, "जा तू."

मी कॉलेज सोडल्यावर तिच्याच स्पॅनिशच्या ऑनलाइन क्लासला तिनंच मला घातलं. आज सरांनी नियमात न बसणारं भूतकाळाचं रूप शिकवलं. सुपुसे, म्हणजे मी गृहीत धरलं. प्रत्येकानं वाक्य करायचं. नेत्रानं केलं, "मी गृहीत धरलं, तो आधी विचारेल."

त्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सगळ्या पुरुषांच्या होत्या. मुलगी बघायला बाईमाणसाशिवाय कोण येतं? एवढंही दिसलं नाय मला.

आई म्हणते, "जेवून जा रे." नको. नेत्राच्या बाबांची माफी आधी, मग तिची. आज तिच्या दारात थांबून विचारणार, आत येऊ का.

निघालो. दार ओढून घेतो.