शेपटीवरून ओळख

३ ऑगस्ट, सकाळ

निर्णय झाला. धबधब्याच्या ऑफिसने फाटकावर नोटीस लावली आहे: पाहुण्यांना फुलपाखरं ओळखून दाखवणारा गाईड हवा, जागा एक, वय पंचेचाळीसच्या आत, परीक्षा बारा सप्टेंबरला. मला पंचेचाळीस पूर्ण होतात एकोणीस सप्टेंबरला. आत्ता नाही तर कधीच नाही. धबधब्याच्या याच गावात, बांतिमुरुंगमध्ये, जन्मलो. फाटकासमोर फुलपाखरांच्या फ्रेमांचं दुकान आहे आणि पाटीवर नाव माझं आहे. मी नाही तर कोण? तेनेला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही? कौतुकाने विचारलं असावं.

५ ऑगस्ट

अभ्यास सुरू. दुकानातल्या चौदा फ्रेमा खाली काढल्या, वही उघडली. शेपटीवाली आधी घेतली, कारण पाहुणे त्यांच्यासाठीच येतात. अर्ध्या तासात एक मोठी गोष्ट लक्षात आली. रंग फसवतो, सावलीत एक आणि उन्हात दुसरा. शेपटी मात्र शेपटीच असते. लांब, पांढरी, तलवारीसारखी असली की तलवारवाला. निळसर चकाकणारी, टोकाला चमच्यासारखी असली की हिरवा पट्टेवाला. नुसतं टोक बाहेर आल्यासारखी बुटकी असली की पोपटी ठिपकेवाला. बाकी काही बघायचंच नाही! लोक आयुष्यभर डोळे फोडतात, मला एक दुपार पुरली. नाव दिलं: सिला पद्धत. (माझं पूर्ण नाव मुहलिस दाएंग सिला, दाएंग ही मानाची हाक. पुढेमागे लागेल.)

मग झोपलो. दुपारची झोप मी चुकवत नाही. वाचलेलं मुरावं लागतं.

९ ऑगस्ट

तेने म्हणाली, दाएंग, शेपट्यांवर फार जाऊ नका, शेपटी आज आहे उद्या नाही. विचारलं, नाही म्हणजे? म्हणाली, पक्षी तोडतो, काट्यात अडकते, पेटीत भरताना मोडते. आधी अंग बघा, मग पंखाचा आकार, मग उडायची तऱ्हा, शेपटी सगळ्यात शेवटी. तिची शाळा पाचवीत सुटली, म्हणून मनावर घेतलं नाही. शांतपणे सिला पद्धत पुन्हा समजावली. ती ऐकता ऐकता टोमॅटो चिरत होती.

टेबलावर तिची गोंदाची बाटली, चिमटा आणि तुटक्या शेपट्यांनी भरलेली काडेपेटी. वही ठेवायला जागा नाही. दुपारी मी झोपलो की ती तिथे काय उद्योग करते कोण जाणे. हा पसारा उद्याच काढतो.

१० ऑगस्ट

काडेपेटी फेकली. रात्री तेनेने वाढलं. जेवणात मासा नव्हता.

१४ ऑगस्ट

नदीवर जुमादिल भेटला. हा ऑफिसचा वाळूवाला. रोज सकाळी सातला नदीकाठच्या वाळूत लघवी करून ती ओली ठेवायची, हे त्याचं काम. ऊन चढलं की खार शोषायला नर फुलपाखरं थव्याने उतरतात आणि पाहुणे फोटो काढतात. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून हेच चालतं. मिठाचं पाणी करून पाहिलं होतं, तेवढी येत नाहीत. तर या जुमादिलनेही गाईडचा फॉर्म भरलाय! पोट धरून हसलो. विद्या वेगळी आणि लघवी वेगळी, असं त्याला तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, फुलपाखरं कुणाकडे येतात ते बघा की दाएंग, तुमच्या वहीकडे की माझ्या वाळूकडे?

असल्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. शिवाय सुचलंही नाही.

१७ ऑगस्ट

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. झेंडावंदन, पोत्यांची शर्यत, तेल लावलेल्या खांबावर पोरांची चढाओढ. माईक मोकळा दिसला म्हणून चार शब्द बोललो. पुढच्या वर्षी तुम्ही मला गणवेशात पाहाल, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. (त्याच क्षणी कुणीतरी खांबाच्या टोकाला पोचलं होतं, पण टाळ्या दोघांनाही असू शकतात.) येताना शिंप्याकडे खाकी शर्टाचं माप दिलं. खिशावर नाव, टोपीवर मोठ्या अक्षरांत गाईड. शिंपी म्हणाला, निकाल लागू द्या की. त्याला म्हटलं, तू कापडाचं बघ.

२१ ऑगस्ट

परसातल्या लिंबाच्या झाडावर तेनेने एक हिरवा सुरवंट दाखवला. म्हणाली, बोट लावा. लावलं. डोक्यामागून केशरी, दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं आणि असा वास सुटला की काही विचारू नका. ती म्हणाली, ही या घराण्याची खरी खूण. मोठेपणी शेपटी असो नसो, लहानपणी हे शिंग सगळ्यांना असतं. आपला तो मोठा काळा-पिवळा पंखराज नाही का, त्याला शेपटीच नाही, तरी तो याच घराण्यातला.

शेपटी नाही तो शेपटीवाल्यांच्या घराण्यात कसा? वहीत लिहिलं: तेनेचा गैरसमज. बोटाचा वास रात्रीपर्यंत गेला नाही. भात चमच्याने खावा लागला.

२६ ऑगस्ट

थोडी अडचण. पंखांवर लाल डाग असलेली काळी फुलपाखरं दोन जातींची निघाली आणि शेपट्या सारख्याच. तेने म्हणाली, अंग लाल असेल तर ती विषारी, पक्षी तोंड लावत नाही. अंग काळं असेल तर ती दुसरीच, जीव वाचवायला पहिलीचं सोंग घेतलेली. मी म्हटलं, सोंग घेणाऱ्यांना परीक्षेत विचारत नाहीत. तरी अपवादांच्या पानावर टाकली. सिला पद्धतीत आता जाती नऊ आणि अपवाद अकरा आहेत.

१ सप्टेंबर

आनंदाची बातमी! जुमादिल कालच समुद्रापलीकडे कालिमंतानला गेला, मेहुण्याने ताडतेलाच्या मळ्यावर काम दिलं म्हणे. मैदान साफ. मारोस गावचा गोड पाव आणला, वाटला.

संध्याकाळी ऑफिसमधून वाईट बातमी. निदान दोन उमेदवार हवेत, नाहीतर परीक्षा रद्द. परीक्षा पुढे गेली तर माझं वय उलटतं. मग मीच डोकं लढवलं. फॉर्म आणला, तेनेच्या नावाने भरला. ती म्हणाली, मला कशाला ओढता यात? समजावलं, तुला काही करायचं नाही, नुसतं नावाला बसायचं. चुकलीस तरी चालेल, उलट बरंच. तिने सही केली. मग विचारलं, परीक्षेत नुसत्या शेपट्या विचारतात की अख्खी फुलपाखरं? नवख्या माणसाचे प्रश्न.

६ सप्टेंबर

दुपारी झोपेत असताना एक मोठी विक्री झाली. वीस फुलपाखरांची अख्खी पेटी. पेटीमागे आपलं स्टिकर लावलंस ना, एवढं विचारलं. लावलं म्हणाली. मग म्हणाली, दाएंग, त्या पेटीबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. तिला थांबवलं. परीक्षेला सहा दिवस उरलेत आणि हिला पेट्या सुचताहेत! माझी उजळणी चालली होती.

११ सप्टेंबर

शर्ट आला, टोपी आली. आरशासमोर घालून पाहिली. उद्या या वेळेला झालेलं असेल. तेने चिमटा घेऊन कामात होती, तिने वर पाहिलं नाही.

१२ सप्टेंबर, दुपारी तीन

झोप लागत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

मकासर शहरातून परीक्षक बाई आल्या होत्या, बु मार्वाती (बु म्हणजे बाई). बारीक चष्मा, बोलणं गोड. समोर काचेची पेटी, वीस फुलपाखरं. सातपर्यंत माझी गाडी सुसाट. आठवं पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. मोठ्या काळ्याचे पंख, आणि शेपट्या तलवारवाल्याच्या, लांब पांढऱ्या! कुठल्याच पुस्तकात नाही. उभा राहिलो. म्हणालो, बाई, ही नवी जात आहे, जगात याची नोंद नाही, ती आज होते आहे. नाव कोणाचं द्यावं तेही सुचवलं.

बाई म्हणाल्या, भिंग घ्या. घेतलं. शेपटीच्या मुळाशी गोंद होता.

बाई म्हणाल्या, अशी तीन जोडलेली आहेत, विकणारीने घेतानाच सांगितलं होतं, म्हणून मी मुद्दाम ठेवली. मग पेटी उलटी केली. मागे स्टिकर. दाएंग सिला फुलपाखरू दालन, नावाभोवती माझीच वेलबुट्टी.

बाहेर बाकावर तेने बसली होती. तिला बोलावलं. बाई म्हणाल्या, ही पेटी तुझ्याच हातची, हिच्यावर तुला मार्क देता येणार नाहीत, आपण तिघं नदीवर जाऊ. गेलो. वाळू कोरडी ठणठणीत. जुमादिल गेल्यापासून तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. बाई ऑफिसच्या माणसावर कडाडल्या. एकही फुलपाखरू बसेना, जी होती ती डोक्यावरून जात होती. बाई म्हणाल्या, आधी तुम्ही सांगा दाएंग. मी शेपट्या शोधत राहिलो. उडताना शेपटी दिसत नाही. हे मला आज कळलं.

तेने ओढणी सावरत वर बघत होती. म्हणाली, तो फुलावरही पंख थरथरवतो ना, तो पोपटी ठिपकेवाला. ती काळी सोंगाडी. ते वर संथ चाललंय ते पंखराज. तो तलवारवाला, दोन्ही शेपट्या गेल्यात बिचाऱ्याच्या. चौदा ओळखली. बाई लिहीत होत्या आणि माझा पेन त्यांच्या हातात होता.

१३ सप्टेंबर

लाज वाटते. खरी. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

विचारलं, एवढं येत होतं तर सांगितलं का नाहीस? तेने म्हणाली, तीनदा सांगितलं, तुम्ही मला शिकवत होतात. मग म्हणाली, अहो, दुकानातल्या ज्या चौदा फ्रेमांवरून तुम्ही पद्धत काढलीत ना, त्यातल्या सहांच्या शेपट्या मी लावलेल्या आहेत. हाताला जी येईल ती लावते. गिऱ्हाईकाला सांगून कमी भावात देते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

मग म्हणाली, काडेपेटी फेकली नसतीत तर त्या काळ्याला त्याचीच शेपटी लागली असती.

१५ सप्टेंबर

निकाल. तेने. तिची उमेदवारी मीच भरली होती, अक्षर माझं. सगळं गाव दारात. जाहीर केलं की ही माझी निवड होती. एका अर्थाने खरंच आहे.

१९ सप्टेंबर

पंचेचाळीस पूर्ण. टोपी तेनेला बरोबर बसते, डोक्यावरच्या ओढणीला पिन लावली की झालं. शर्ट मीच ठेवला. खिशावर नाव आहे.

ऑफिसला आणखी एक जागा भरायची आहे. वयाची अट नाही, परीक्षा नाही. तेनेने माझ्यासाठी शब्द टाकला. विचार करून सांगतो म्हणालो. तिने फॉर्म भरूनच आणला होता.

२६ सप्टेंबर, सकाळी साडेदहा

कामाचा पाचवा दिवस. पहाटे आल्याचा सराब्बा दोन पेले, वर पाण्याची बाटली. सातला वाळूवर हजर, शर्ट घालून. ठरवलं होतं की जमेल तिथे पाहुण्यांना चार गोष्टी सांगायच्या, पण सातला पाहुणे नसतात, आणि नसतात तेच बरं.

नऊला तेने टोपी घालून पन्नास माणसं घेऊन आली. मी झाडामागे. तलवारवाले उतरले, वीसेक. तेनेने त्यांना अंग दाखवलं, पंख दाखवले, सगळ्यात शेवटी शेपटी दाखवली. कुणीतरी विचारलं, इथेच का येतात? ती म्हणाली, इथल्या वाळूत काहीतरी खास आहे. मला उगाच बरं वाटलं.

जाताना माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, काल चाळीस होते, आज वीसच आले. खार कमी पडतोय, दाएंग, दुपारी सुका मासा जास्त खा.

खाईन म्हणालो.