उंचावर ठेव

हिमायतनगर,
रविवार

प्रिय सुजाता,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे गणिताच्या मास्तरणीचं कुतूहल अजून शिल्लक आहे. फोन तर तू दीड वर्ष उचलत नाहीस. मेसेज केला की उत्तरादाखल जोडलेले हात येतात. तो नमस्कार असतो की ‘पुरे आता’, हे माझं सगळं संस्कृत पणाला लावूनही मला ठरवता आलेलं नाही. म्हणून हा कागद. जामबागेतल्या कॉलेजात तुझ्या खुर्चीवर आता एक नवी मुलगी बसते. हुशार आहे, पण वाद घालत नाही. मी काहीही म्हटलं की ‘येस मॅम’. एवढ्या संमतीत माणसाने जगायचं कसं?

आपले बुधवार आठवतात ना? डबे उघडायचे, आणि तुझ्या मेथीच्या भाजीबरोबर माझा तोच विषय निघायचा. ईश्वर नाही, आत्मा नाही, मग बौद्ध हा धर्म कसला, ते तर दर्शन, न्याय-सांख्याच्या पंगतीत बसणारं. तू म्हणायचीस, अलके, पंगतीत बसवायचं नाव काढू नकोस, आमच्या घराण्याचा अनुभव बरा नाही. सगळी स्टाफरूम हसायची, मीही हसायचे. तू हसायचीस का, ते आता आठवू पाहते तर आठवत नाही. एकदा मात्र तू डबा बंद करून म्हणाली होतीस, आमची आई गेली तेव्हा आबांनी जे त्रिशरण म्हटलं, तेच माझ्या लग्नात म्हटलं. तुझ्या त्या सांख्याने आजवर कुणाचं लग्न लावलंय? तेवढ्यात घंटा झाली, आणि घंटेने वाचलेला मुद्दा मी जिंकलेला धरला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तुझे वडील, आबा, बुद्धाची ती पितळेची मूर्ती घेऊन आले. वीतभर उंचीची, एका हाताने जमिनीला स्पर्श करणारी. नागपूरहून अख्खा प्रवास मांडीवर ठेवून आणली होती. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, पोरी, उंचावर ठेव. आणि मी, घरभर पाहुणे असताना, भाषण ठोकलं. म्हटलं, आबा, ज्याने आत्माच नाकारला, त्याला वर काय आणि खाली काय? ते हसले. म्हणाले, तुझं खरं असेल बाई, तू शिकलेली. पण उंचावर ठेव.

मी ठेवली दाराशी, चपलांच्या कपाटावर. मुद्दाम नाही गं. तिथे उजेड चांगला पडत होता, आणि लेकीने, तन्वीने, सांगितलं की तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी दाराशीच बुद्ध असतो, शांत वाटतं. पंधरवड्यात नवरोबा किशोर गाडीच्या किल्ल्या मूर्तीच्या मांडीवर टाकू लागला. जागा सोयीची होती. आक्षेप घेतला तो फक्त आमच्या राणीने. झाडू हातात धरून म्हणाली, अम्मा, ये तो देवुडु हैं ना? फिर चपलां पो काइकू बिठाए? मी तिला दहा मिनिटं दर्शन आणि धर्म यांतला फरक समजावला. ती ‘अच्छा’ म्हणाली आणि पदराने मूर्ती पुसून निघून गेली. वादात तिचा पराभव झाला असं मी त्याही वेळी धरलं होतं.

मग दीड वर्षापूर्वी, पावसाळ्यात, तू आबांना घेऊन आलीस. दारात ते थांबले, एक क्षण पाहिलं, आणि आपल्या वहाणा कपाटात न ठेवता बाहेर जिन्यापाशी काढून आले. मी म्हटलं, आबा, आत ठेवा, कुत्रं पळवून नेईल. ते म्हणाले, नेऊ दे. तू मूर्तीच्या मांडीवरच्या किल्ल्या उचलून खिळ्याला अडकवल्यास, चहा घेतलास, साखर कमी आहे म्हणालीस. माझं त्या दिवशीही शून्यवादावर बरंच बोलून झालं. महिन्याभरात तू शहराच्या दुसऱ्या टोकाला, उप्पलला बदली मागितलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला प्रवास झेपत नव्हता.

आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी आले होते. शेवटच्या रांगेत होते, तू पाहिलं नसशील. तारखात्यातले त्यांचे मित्र, दिगंबरराव, बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की नांदेडकडच्या शाळेत आबांना वर्गात बसू देत नसत. सगळी पोरं जिथे वहाणा काढत, तिथे उंबऱ्याबाहेर बसून ते बाराखडी शिकले. चार वर्षं. सुजाता, बावीस वर्षांच्या बुधवारांत तू मला हे एकदाही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर पुढच्या बुधवारी मी ते उदाहरण म्हणून वापरलं असतं, हे तू ओळखून होतीस. पुढे सगळे उभे राहिले, त्रिशरण म्हणू लागले. मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता, आणि माझ्या तोंडून एकही फुटेना.

घरी आले, दार उघडलं, आणि आबांचा बुद्ध चपलांवर बसलेला दिसला.

आता कपाट खाली पार्किंगमध्ये गेलंय. देवघरात मूर्ती ठेवावी, तर नववा अवतार करून पचवल्यासारखं होईल, आणि तू भांडशील. ग्रंथांच्या कपाटात ठेवावी, तर तो माझाच जुना हट्ट. किशोरने पूर्वेच्या भिंतीवर उंच एक फळी ठोकून दिलीय. ती रिकामी आहे. मूर्ती स्वच्छ पंच्यात गुंडाळून टेबलावर आहे. स्टुलावर चढले तर माझा हात पोचतो, पण मी ठेवली तर तेही माझंच म्हणणं होईल. आबांची माफी मागायची वेळ मी भाषणं करण्यात घालवली. तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहेस. येशील? ठेवताना जे म्हणायचं ते तू म्हण. मी गप्प उभी राहीन. जमेल मला, सराव करतेय.

वाद हरलेली, तुझीच,
अलका