चौदा नंबरचा अर्ज

सोमवार, २ मार्च
आजपासून आमच्या ऑफिसात वशिला बंद. शिकाऊ वकिलाची जागा फक्त गुणांवर भरणार. प्रेस्टन शहरात असं करणारा मी पहिलाच. (असतील एक-दोघं, पण मनापासून नाही.) अर्जांवरची नावं, शाळा, वय काळ्या पेनाने खोडायचं काम लोरेनला दिलं. अकरा वर्षं माझी सेक्रेटरी आहे. तिने विचारलं, सगळीच नावं खोडू ना? म्हटलं, अर्थात, ओळखीचं असलं तरी.

मंगळवार, ३ मार्च
सतरा अर्ज. तीन नंबर उजवा वाटतो. कॉलेजच्या संघाचा विकेटकीपर. मीही विकेटकीपर होतो. चिकाटी लागते त्याला.

अर्ज वाचून होईपर्यंत चहा नाही, असं ठरवलं होतं. अकराला घेतला. लोरेनने आणलाच होता.

गुरुवार, ५ मार्च, सायंकाळी ५
चौदा नंबर. पदवी संध्याकाळच्या वर्गांतून. दर गुरुवारी विद्यापीठाच्या मोफत सल्ला केंद्रात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलांची कामं. घर खाली करायची नोटीस आलेली तीन कुटुंबं वाचवली म्हणे. लिहिलंय झकास. तरी शेरा मारला: 'वकिलाच्या ऑफिसात काम कसं चालतं याची कल्पना नसावी.'

लोरेनचं मत घेणार होतो, पण ती गुरुवारी साडेचारलाच निघते. कुठे जाते कोण जाणे. एकदा विचारायला हवं. चार वर्षं ठरवतोय.

सोमवार, ९ मार्च
तीन नंबर म्हणजे ह्यूगो निघाला, आमच्या क्रिकेट क्लबच्या अध्यक्षांचा मुलगा. निव्वळ योगायोग. नेमला.

बाकी सोळा नकारपत्रं लोरेनने टाइप केली. चौदाच्या पत्रापाशी अडली. कारण काय लिहू, म्हणाली. म्हटलं, 'अनुभव कमी'. ते पत्र तिने टपालात न टाकता स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. टपालखर्च वाचवते बिचारी.

शुक्रवार, १३ मार्च
लोरेनचा राजीनामा. चौदा नंबर तीच. स्वतःचं नाव स्वतःच खोडलं होतं, मी सांगितलं म्हणून.

आता त्या सल्ला केंद्रातच नोकरी, आणि ती करता करता सॉलिसिटरची परीक्षा. वकिलाच्या हाताखाली केलेलं काम अनुभव म्हणून धरतात, फक्त त्या वकिलाची सही लागते. फॉर्म माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अनुभव कमी, असं तुम्हीच लिहायला सांगितलंत साहेब. आता किती ते तुम्हीच भरा."

कामांची यादी दोन पानं. अशिलांच्या भेटी, दाव्यांचे मसुदे, कोर्टाच्या तारखा. हॉल्डनबाईंचं प्रकरणसुद्धा, जे मी क्लबात माझा विजय म्हणून सांगतो. कुठे काट मारता येते का पाहिलं. एकही ओळ खोटी नव्हती. लाज वाटली.

'अकरा वर्षं' असं लिहिलं, सही केली. खाली एक प्रश्न राहिला होता: अर्जदाराच्या कामाची तुम्हाला प्रत्यक्ष माहिती आहे का?

'हो' लिहिलं. दुपारपासून आहे.