कोऱ्या पानांवर सही

प्रिय धोंडिराम यास मुलुंडहून सीतारामचा नमस्कार. तुझा खोकला उतरला असेल, वहिनींचे गुडघे चालत असतील, असं समजूनच पुढे लिहितो. नसतील तर मला कळवू नकोस, इथे काळजीला जागा उरलेली नाही.

सूनबाई मानसी वारली तेव्हापासून आमची श्रुतिका (सातवीत आहे) शाळेत तोंड उघडत नाही. पोर कायमची मुकी राहते की काय, या धास्तीने माझं जेवण गेलं. आता शाळेत एक काउन्सेलर बाई आल्यात. औषध नाही, गोळी नाही. पोरीला एक वही दिली आणि मनात येईल ते लिही म्हणाल्या. (आपण शाळेत मनातलं बोललो की छडी मिळायची, आठवतं ना?) पण शाळेची वही म्हटली की पालकांची सही आलीच. तिचा बाप नितेश कामावरून उशिरा येतो, म्हणून सह्यांचं खातं माझ्याकडे. ऐनवेळी चष्मा सापडत नाही, त्यामुळे मी त्या आधीच करून ठेवतो. तशा या वहीच्याही सगळ्या कोऱ्या पानांवर, तळाला, ठसठशीत सह्या ठोकल्या.

पोरीने वही उघडली आणि लालबुंद झाली. "आजोबा, ही कुणी बघायची नसते! वाट लावलीत!" धोंड्या, किती महिन्यांनी ओरडली रे! मी घाबरत बाईंकडे गेलो, नवी वही आणून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, तिलाच विचारा. तर कार्टी म्हणते, "राहू दे हीच."

आता ती रोज लिहिते. पेन कागदाला टेकलं की मी कुकरची शिटीसुद्धा होऊ देत नाही. एवढ्याशा पोरीच्या पोटात इतकं काय असतं, देव जाणे. लिहून झालं की कधी हसते, कधी नाक पुसते, आणि जेवायला मागते. परवा वही भरली, तर दुसरी घेऊन स्वतःच माझ्यापुढे आली. पहिलं पान लिहून झालं होतं, त्यावर हात पालथा ठेवला. "वाचायचं नाही हां. फक्त सही." मी डोळेच मिटले. अर्धी सही टेबलावर गेली.

तुझा,
सीताराम

ता. क. काल हजेरीला तिने आवाज दिला म्हणे. अख्खा वर्ग वळून बघत होता.

आणखी एक. बाईंनी मलाही वही दिली. मानसीबद्दल मला काही लिहायचं नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. सोबतची पानं त्याच वहीतली आहेत. वाचू नकोस. प्रत्येकाखाली सही कर आणि परत पाठव.