शहात छतावर चढणार आहे

अबू मुख्तार,

नमाजाहून आलात की आधी हे वाचा. आपली टीव्हीची एचडीवाली सेवा आज दुपारी कायमची बंद पडली. पडद्यावर नुसते आभार मानलेत. पण घाबरू नका, शेख वहदान जुन्या उपग्रहावर आहेत, आणि आज त्यांचं प्रवचन पाऊण तास नुसतं गाण्यातून आहे!

डिश जुन्या दिशेला फिरवावी लागेल. तुम्ही वर चढू नका, गुडघा आठवा. मी शहातला फोन केला. हो, तुमच्याच भावाला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दोघा भावांची एकच डिश त्याला न विचारता एचडीकडे वळवलीत, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद, आणि त्याच्या पायाला आपला जिना माहीत नाही. म्हणाला, "वहिनी, खाली बसून तो तोंड उघडणार असेल तर येतो." मी सांगून टाकलं, उघडेल.

वाटेत त्याचं मन फिरायला नको, म्हणून स्वतः आणायला निघालेय. पाना जिन्यात ठेवलाय, चहाला पुदिना धुतलाय. तो वर डिश हलवेल, तुम्ही खिडकीतून ओरडा: "आलं", "गेलं", "जरा पश्चिमेला". आपल्या पोराला, मुख्तारला, ओरडायला लावू नका, आवाज तुमचाच हवा.

आणि चित्र स्वच्छ आलं तरी लगेच "बस" म्हणू नका. शेखांची सुरुवात चुकली तरी चालेल मला.

नबविय्या