पान ७३ ते ७६

सोम. ४ नोव्हें.
सकाळी अण्णांचा कल्याणहून फोन. मुग्धा दिवाळीला माहेरी आलेली, जाताना बापाला ई-बुक वाचायचं यंत्र देऊन गेली. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. छापील अक्षर दोन वर्षं दिसत नाही. यात म्हणे अक्षर बोराएवढं करता येतं. छान. मग: "बाळ्या, पहिलं पुस्तक तुझंच घेतलंय. बांधणीवाल्याने खाल्लेली ती चार पानं आता वाचायला मिळणार!"
बाळ्या म्हणजे मी, वय वर्षं त्रेपन्न.
बांधणीवाल्याने काही खाल्लं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी थोरल्या भावाला द्यायच्या प्रतीतून पान ७३ ते ७६ मी स्वतः ब्लेडने कापली. अनुक्रमणिकेवर व्हाइटनर. त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, बांधणीवाल्याची चूक, दुसरी प्रत आणतो. अजून आणतोच आहे.

मंगळ. ५
त्या चार पानांवरचा विनोदी लेख काढून वाचला. वाईट नाही, हीच पंचाईत. अण्णा नात्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं रचून स्वतः म्हणायचे. आत्या-मामांपासून सगळ्यांची नावं त्यात ओवून. मुग्धाच्या लग्नात सहाव्या कडव्याला गळा दाटला, थांबले. मी लिहिलं: 'मुलगी चालली म्हणून बाप रडला नाही, व्याह्यांच्या आडनावाला यमक सापडेना, म्हणून रडला.' नाव बदललेलं. माणूस नाही.
सगळ्या नातेवाइकांनी वाचलं, पोट धरून हसले. त्यानंतर अण्णांना मंगलाष्टकं म्हणायला कोणी बोलावलं नाही. "हल्ली गुरुजी रेकॉर्डच लावतात रे," असं कारण त्यांनी स्वतःच शोधलं. मी मान डोलावली.
संध्याकाळी फोन: "नऊ टक्के झालं." यंत्र पान सांगत नाही, टक्के सांगतं. मोजून पाहिलं. लेख साठाच्या आसपास.

बुध. ६
एकवीस. वहिनींना मोठ्याने वाचून दाखवतात. "हसून हसून हिला ठसका लागला रे!" म्हणजे श्रोते दोन.
म्हटलं, अण्णा, त्या चार पानांवर उडी मारा की थेट. (का म्हटलं? एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून.)
"छे! ताटातलं गोड मी आधी खात नाही."
दहा वर्षं व्यासपीठांवरून ई-बुकची टिंगल केली. बिनवासाची फुलं वगैरे. छापील पुस्तक किती प्रामाणिक, यावर शाल-श्रीफळं घेतली. प्रामाणिक पुस्तक ब्लेडने कापता येतं, हे भाषणात राहून गेलं.

गुरु. ७
ठाण्याला गेलेलो, प्रकाशकबाईंकडे. म्हटलं, ई-आवृत्तीतून एक लेख काढायचाय.
"सर, लोकांना तोच तर आवडतो!" मग माझा चेहरा बघितला. काढता येईल, म्हणाल्या. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय, त्यांना नेट लावून नवी प्रत घ्यावी लागेल.
"ज्यांच्यासाठी काढताय सर, त्यांचं नेट असेल ना चालू?"
अण्णांचं? चार्जिंग खातं म्हणून बंद ठेवलंय, हे कालच अभिमानाने सांगत होते.
तरी काढा म्हटलं.
चौतीस.

शुक्र. ८
कल्याण. बहाणा: फराळाचे डबे परत करायचे. अण्णा अंघोळीला, यंत्र टीपॉयवर. उचललं. सत्तेचाळीस. वाय-फायवर बोट दाबलं, पासवर्ड मागतंय.
"काय शोधताय, भावजी?" वहिनी दारात.
"काही नाही, वाय-फाय लावून देतो. पासवर्ड काय तुमचा?"
"कशाला?"
साधा प्रश्न. विनोदावर तीस वर्षं नाव कमावलं, आणि म्हटलं काय, तर "असंच."
वहिनींनी यंत्र काढून घेतलं, पदराने पुसलं. "वाचू द्या त्यांना. दोन वर्षांनी वाचतायत."
माहीत आहे का यांना? तेव्हा कुणी वाचून दाखवलं असेल? माहीत असून बारा वर्षं मला चहा... छे. नसेल.

शनि. ९
अठ्ठावन्न. "उद्या तुझी चार पानं!"
"अण्णा, त्यात जरा..."
"बोल ना."
"डोळ्यांना ताण देऊ नका फार."
नालायक.

रवि. १०
फोन नाही.
सहा वाजले. नाही.
मीही केला नाही.

सोम. ११
दुपारी वहिनींचा फोन. "हे बोलवतायत." एवढंच.
गेलो. अण्णा खिडकीशी, यंत्र मांडीवर. चहा घेतोस का, असं कुणी विचारलं नाही. त्या घरात पहिल्यांदाच.
"किती झालं?" माझं तोंड.
"साठ. पहिला परिच्छेद वाचला. कोण आहे ते कळलं." खाली भाजीवाला ओरडत होता, त्यांनी खिडकी लावली आणि यंत्र माझ्याकडे सरकवलं. "डोळे दुखतात माझे. पुढचं तू वाच."
"अण्णा, मी ते काढून टाकायला सांगितलंय, नव्या प्रतीत..."
"माझ्या प्रतीत आहे ना? वाच. मी म्हणत होतो तेव्हा तू ऐकत होतास. आता तू म्हण, मी ऐकतो."
वहिनी आतून आल्या. हात पुसून त्याही बसल्या.
वाचलं. त्या यंत्रात माझं एक वाक्य एका स्क्रीनवर मावत नाही, मध्येच बोट लावून उलटावं लागतं. ज्या जागांवर सभागृहं हसलेली, तिथे दोघं नुसते बघत होते. पाचव्या कडव्यापर्यंत आलो. पुढचं पान उलटलं नाही.
"पुरे आज," अण्णा म्हणाले. "सहावं उद्या. चारला ये."